दुचाकीची हवा आणि अडचणीची जागा



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी एका शब्दात उत्तर दिले, "हवा." ते खूश झाले. म्हणाले, "उत्तम! उन्हाळा असा तापलेला, पाऊस बेभरवशाचा. हवामानावर कुणीतरी बोलायला हवेच होते." मी म्हटले, "हवामान नव्हे, चाकातली हवा." चिटणीस सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि "जरा विस्ताराने सांगता का?" असे विचारले. मग मी विस्ताराने सांगितले. मोटारसायकलच्या चाकात हवा भरायची आहे. पण व्हॉल्व्हपाशी हात पोचत नाही, पंपाचे तोंड त्यावर बसत नाही, आणि भरणाऱ्याला उकिडवे बसायलाही जागा नाही. अशा वेळी कोणते साधन जवळ असावे, एवढाच माझा विषय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सगळे बोलून झाले आहे. पंक्चरवाल्याच्या धंद्याची पाळी यायला थोडा उशीर झाला, इतकेच.

मी विद्वान नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक म्हणून मुलांना कानस कशी धरावी हे शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा आजचे बोलणे हत्याऱ्यांच्या भाषेतच होईल, त्याबद्दल अध्यक्षांनी क्षमा करावी.

प्रथम एक हिशेब मांडतो, म्हणजे हवेचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. दोन माणसे बसली की मागच्या चाकावर साधारण दीडशे किलो भार येतो असे धरा. टायरमध्ये दर चौरस इंचाला २८ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दोन किलो. गॅरेजात आपण नुसते 'पौंड' म्हणतो, मीही तसेच म्हणेन. दीडशेला दोनाने भागा, पंचाहत्तर चौरस सेंटिमीटर उरतात. बोटे मिटून तळहात रस्त्यावर टेकवला तर जेवढी जागा व्यापेल, तेवढ्याशा जागेवर तुमचा संसार उभा असतो. आता हवा निम्मी झाली, तर तेवढाच भार पेलायला टायरला पोट दुप्पट पसरावे लागते. त्याच्या कडा प्रत्येक फेऱ्याला वाकतात व सरळ होतात, आणि चाक किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे घेते. लोखंडाची तार आपण वाकवून-वाकवून तोडतो तेव्हा ती बोटाला चटका देते, हे लहानपणी सर्वांनी अनुभवले आहे. रबराचेही तसेच होते.

ट्यूब असलेल्या टायरला आणखी एक रोग जडतो, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. हवा कमी असली म्हणजे टायर रिंगेला घट्ट धरून राहत नाही. मागचा ब्रेक जोरात दाबला की रिंग थांबते, टायर मात्र केसभर पुढे सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढून नेतो. व्हॉल्व्ह बिचारा रिंगेच्या भोकात अडकलेला, त्याला जाता येत नाही. मग तो तिरका होतो. तिरका व्हॉल्व्ह हे चाकाने लिहून दिलेले पत्र आहे. ते वाचले नाही तर एके दिवशी व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि सगळी हवा दोन-चार क्षणांत जाते. पंक्चरमध्ये हवा हळूहळू जाते, माणसाला सावरायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही.

हे पत्र मी वाचले नव्हते. आमच्या वाड्याचा बोळ पाच फुटांचा. त्यात चार बिऱ्हाडांच्या पाच गाड्या तिरक्या, हँडलात हँडल अडकवून उभ्या असतात. माझी सर्वांत आत, भिंतीला लागून. २०१९ च्या फेब्रुवारीत मागच्या चाकात हवा कमी आहे हे मला दिसत होते. माझ्याकडे पायाने दाबायचा पंप होता, त्याची नळी दीड फुटाची. पंप ठेवायला सपाट जागा बोळाच्या तोंडाशी, आणि व्हॉल्व्ह आत भिंतीकडे, साखळीच्या झाकणामागे वर जाऊन थांबलेला. चाक फिरवून तो खाली आणावा तर गाडी डबल स्टँडला घ्यायला हवी, आणि डबल स्टँडला घ्यायला बाकीच्या चार बाहेर काढायला हव्यात. सकाळी सात वाजता शेजाऱ्यांना कोण उठवणार? "उद्या पाहू" म्हणत तीन आठवडे गेले. व्हॉल्व्ह तिरका झालेला मी दोनदा पाहिला. रिंगेचे भोकच वाकडे पडले असेल अशी माझी समजूत! पंचवीस वर्षे मुलांना भोके सरळ पाडायला शिकवणाऱ्या माणसाची ही समजूत. मार्चमध्ये पत्नीला घेऊन पाचगणीला गेलो. परतताना पसरणी घाट उतरत होतो, मागचा ब्रेक सतत दाबलेला. एका वळणावर गाडीचे बूड पाण्यातल्या होडीसारखे डोलू लागले आणि आम्ही दोघे रस्त्यावर आलो. मला खरचटले. तिचे उजवे मनगट मोडले, त्यात पट्टी व स्क्रू घालावे लागले. आजही ओली चादर पिळायची असली की ती न बोलता माझ्याकडे देते.

टायर उघडल्यावर व्हॉल्व्ह मुळाशी फाटलेला निघाला. दोष गाडीचा नव्हता, घाटाचा नव्हता. पंपाचे तोंड आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जे चार-पाच फूट राहिले होते, त्यांचा होता, आणि ते ओलांडायचा कंटाळा करणाऱ्या माझा होता.

यापुढची चूक मी पश्चात्तापाच्या भरात केली. मोठ्या दुकानात जाऊन मोटारीच्या बॅटरीवर चालणारा दणकट कॉम्प्रेसर आणला. शंभरावर पौंड दाब देणारा! घरी येऊन पाहतो तो त्याचे तोंड अंगठ्याएवढे जाड, वर खटका, आणि मेव्हण्याच्या स्कूटरच्या चाकात तर ते शिरेचना. आपण पंप घेतो तेव्हा त्याची ताकद विचारतो. नळीच्या टोकाला असलेल्या दोन इंचांकडे कुणी पाहत नाही, आणि सगळा व्यवहार त्या दोन इंचांत अडतो. त्यानंतर मी हा विषय जरा अभ्यासाला घेतला.

हवेचा टायर तसा जुना. रॉबर्ट थॉम्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच त्याचे पेटंट घेतले होते, पण लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्टमधल्या डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने मुलाची तीनचाकी सुखाने चालावी म्हणून तो नव्याने शोधला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. बापाच्या मायेतून निघालेला हा शोध आहे. आपल्या मोटारसायकलीला जो व्हॉल्व्ह असतो तो मात्र न्यूयॉर्कच्या श्रेडर कुटुंबाचा, पेटंट १८९३ चे. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी त्याच्या आट्या बदललेल्या नाहीत. त्यात मधोमध एक पिन असते. ती आत दाबली की वाट उघडते, सोडली की स्प्रिंग ती बंद करते. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला पिन नसते, तो हवेच्याच रेट्याने उघडतो. म्हणून सायकलच्या पंपाच्या तोंडात पिन दाबणारा काटा बहुधा नसतो. घरातला सायकलचा पंप मोटारसायकलला चालत नाही तो यामुळे. पंपाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आता अडचणीकडे येऊ. अडचण म्हणजे एकच अडचण असे आपण समजतो, पण त्या तीन निरनिराळ्या आहेत आणि त्यांची औषधेही निराळी. पहिली अडचण चाकाच्या आतली: व्हॉल्व्हचे टोक आणि मधला हब, ड्रम किंवा डिस्क यांच्यातले अंतर. ही चाकाबरोबर फिरते, चाक कितीही फिरवा, ती तेवढीच राहते. दुसरी अडचण चाकाबाहेरची: सायलेन्सर, साखळीचे झाकण, ब्रेकचा कॅलिपर, मडगार्डच्या पट्ट्या. ही गाडीबरोबर स्थिर असते, म्हणून चाक फिरवून व्हॉल्व्ह मोकळ्या जागी आणला की ती संपते. तिच्यासाठी एक पैसाही खर्च करू नये. तिसरी अडचण गाडी उभी असते त्या जागेची: भिंत, शेजारची गाडी, जिन्याखालचा कोनाडा. या तिघींची गल्लत झाली की माणूस नळी लांब हवी तिथे तोंड बदलतो आणि तोंड लहान हवे तिथे मोठा पंप आणतो. मी तेच केले होते.

पहिल्या अडचणीचे माप घ्यायला मी घरातली काडेपेटी वापरतो. साधी काडेपेटी सुमारे पाच सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद आणि सव्वा सेंटिमीटर जाड असते. व्हॉल्व्हचे टोपण काढा. त्याचे टोक आणि समोरचा हब किंवा ड्रम यांच्यामध्ये काडेपेटी लांबीत उभी मावली, तर तुम्ही भाग्यवान. बाजारातले कोणतेही सरळ तोंड चालेल. रुंदीत मावली आणि लांबीत नाही, तर आखूड तोंड लागेल. नुसती जाडीत मावली, तर कोणतेही सरळ तोंड बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. अठरा इंची तारांच्या चाकात लांबीचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे त्रास देतात तिरक्या तारा, कारण खटक्याचे तोंड तारांत अडकते. मोठी डिस्क असलेल्या सतरा इंची चाकात प्रकरण रुंदीवर येते. दहा इंची स्कूटरच्या चाकाची तर गोष्टच सोडा. तिथे रिंग आणि ड्रम यांच्यामध्ये इतकी थोडी जागा असते की सरळ रबरी व्हॉल्व्ह बसवला तर त्याचे टोक ड्रमला जवळजवळ टेकते. जुन्या स्कूटरच्या ट्यूबला पितळी वाकडा व्हॉल्व्ह असे, तो कुणाच्या हौसेखातर नव्हता. त्या काळच्या माणसांनी अडचण मुळातच सोडवून ठेवली होती.

तोंडे तीन जातींची मिळतात. एक हाताने दाबून धरायचे, एक खटका पाडून अडकवायचे आणि एक आट्यांवर फिरवून बसवायचे. दाबून धरायचे तोंड पंक्चरवाल्याच्या हातात शोभते, कारण त्याच्या नळीत हवा मागून आपोआप येत असते. ज्याला स्वतःच पंप मारायचा आहे त्याचे दोन्ही हात गुंतलेले, तिसरा हात आणायचा कुठून? खटक्याचे तोंड झटकन बसते, झटकन निघते आणि हवा फार सांडत नाही. पण त्याच्या खटक्याला उघडायला जागा लागते, ती काडेपेटीच्या मापात मोजायला विसरू नका. शिवाय आतला रबरी वॉशर झिजतो. वॉशर बदलता येत असेल तरच ते घ्यावे. आट्यांचे तोंड सर्वांत लहान, चार-पाच फेऱ्यांत बसते आणि हलवले तरी निसटत नाही. अडचणीच्या जागी माझे मत त्याच्या बाजूने आहे. दोष एकच. काढताना फेरे सुटेपर्यंत पिन दाबलेली राहते आणि थोडी हवा फुसफुसत जाते. म्हणून दोन पौंड जास्त भरावी आणि तोंड काढताना हात चालवावा. कुठे किती जाते हे आपल्या गाडीवर एकदा मोजून ठेवले की पुढे अंदाज चुकत नाही. बोटे तापलेल्या सायलेन्सरजवळ जाणार असतील तर गाडी निवू द्यावी, हे सांगायला नको. पण माझ्या करंगळीवर डाग आहे म्हणून सांगतो.

तिसरी अडचण, जागेची, तिचे औषध नळीत आहे. वाड्यातल्या त्या सकाळी माझ्याकडे दीड फुटाऐवजी पाच फुटांची मऊ नळी असती, तर पंप बोळाच्या तोंडाशी ठेवून मी हवा भरली असती. तोंड बसवायला एकदा हात आत घातला की पुरे, बाकी काम उभ्याने. पण लांब नळीत एक पाणी मुरते. पाच मिलिमीटर पोकळीच्या दीड मीटर नळीत जवळजवळ तीस घनसेंटिमीटर जागा असते. दर दट्ट्याला ती दाबून भरायची, आणि दट्ट्या वर घेतला की ती हवा परत पंपात यायची. मोठ्या पंपाला हा कर परवडतो, त्याच्या एका दट्ट्यात तीनशे घनसेंटिमीटर हवा असते. बोटभर जाडीच्या लहान पंपात साठ असते. दोन किलो दाबावर त्याची जवळजवळ सगळी कमाई नळीच खाऊन टाकते. माणूस घामाघूम होतो आणि चाक आहे तिथेच. यावर उपाय पंपाच्या बुडाशी एकमार्गी झडप असणे. ती आहे का, हे दुकानातच तपासता येते. नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबा, दोन-तीन दट्टे मारा, आणि अंगठा न उचलता दट्ट्या वर घ्या. अंगठ्याखालचा दाब कायम राहिला तर झडप आहे. ढिला पडला तर पंप परत करा. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू द्या.

आता पंपाचे जाड-बारीकपण. तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात दोन किलो दाबाविरुद्ध दट्ट्या ढकलायला चौदा किलो जोर लागतो. दोन सेंटिमीटरच्या नळकांड्याला सहा किलो पुरतात. उभे राहून अंगाचे वजन टाकता आले तर चौदा किलो काहीच नाहीत. भिंत आणि सायलेन्सर यांच्यामध्ये उकिडवे बसून ते जड जातात. साध्या मोटारसायकलच्या बारीक टायरमध्ये सहा लीटरच्या आसपास जागा असते. दहा पौंड कमी झालेली हवा भरून काढायला बाहेरची चार लीटर हवा आत घालावी लागते. मोठ्या पंपाचे पंधरा दट्टे, लहान पंपाचे सत्तर. ज्याला उभे राहायला जागा आहे त्याने मोठा पंप व लांब नळी घ्यावी. ज्याला ती नाही त्याने लहान पंप घ्यावा आणि सत्तर मोजावेत. सत्तर म्हणजे काही डोंगर नाही. पायाच्या पंपाबद्दल मी थोडक्यात सांगतो: गुळगुळीत शहाबादी फरशीवर तो घसरतो, आणि त्याला पसरायला जी सपाट जागा लागते ती अडचणीच्या जागी नसते, म्हणूनच तर ती अडचणीची जागा.

विजेच्या पंपांचे तरुण मंडळी विचारतील. मोटारच्या बॅटरीसाठी केलेला कॉम्प्रेसर दहा अँपियरच्या घरात वीज ओढतो. साध्या मोटारसायकलची बॅटरी चार-पाच अँपियर-तासांची. पाच मिनिटे चालवला तर तिचा पाचवा हिस्सा गेला, आणि हल्ली पुष्कळ गाड्यांना किक नसते. म्हणून लोक इंजिन चालू ठेवून हवा भरतात. मोकळ्या रस्त्यावर ते ठीक आहे. बंद बोळात, तळघरात, जिन्याखाली कधीही करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तुम्ही नेमके सायलेन्सरच्या उंचीवर नाक घेऊन बसलेले असता. हे वाक्य मी हळू म्हणतो, कारण ते मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. मुठीएवढे, स्वतःची बॅटरी असलेले पंप निघाले आहेत, ते या कामाला मला पसंत पडले. आकडा ठरवून दिला की तिथे आपोआप थांबतात, आणि माणसाला आत बसावे लागत नाही. त्यांची नळी वीतभरच असते, तोंड आट्यांचे असते; पंप मात्र चाकाला टांगून ठेवू नये, त्याच्या वजनाने व्हॉल्व्हचे मूळ वाकते. उन्हात तापलेल्या डिकीत तो ठेवू नये, आणि पहाटे वाड्यात चालवला तर शेजारी काय म्हणतात ते ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

कार्बन डायॉक्साइडच्या काडतुसांचा एक प्रकार आहे. सोळा ग्रॅमचे काडतूस आपल्या बारीक टायरला शून्यापासून वीस पौंडांच्या आसपास नेते, जाड टायरला दोन-तीन लागतात. काम क्षणात होते, जागा लागत नाही. काडतूस इतके गार पडते की उघड्या बोटांना इजा होते, म्हणून फडके गुंडाळावे. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो; घरी पोचल्यावर तो सोडून साधी हवा भरावी. आडरानात सोबतीला बरा, रोजच्या संसाराला नाही.

काडेपेटी नुसती जाडीत मावणाऱ्यांना मी मघाशी उपाय सांगितला नाही. त्यांनी साधन बदलण्याच्या भानगडीत पडू नये, व्हॉल्व्ह बदलावा. ट्यूबलेस चाकाला काटकोनात वाकलेला धातूचा व्हॉल्व्ह बसवता येतो. त्याचे तोंड बाजूला, तुमच्याकडे वळलेले असते, मग कोणताही पंप चालतो. घेताना रिंगेच्या भोकाचे माप घेऊन जावे. सव्वाआठ आणि साडेअकरा मिलिमीटर अशी दोन मापे सर्रास आढळतात, आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याला चालत नाही. फिरताना तो डिस्कला, कॅलिपरला किंवा फोर्कला लागत नाही ना, हे चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. नवा टायर घालतानाच हे काम उरकले तर वेगळी मजुरी पडत नाही. ट्यूबच्या चाकाला हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी काटकोनी पितळी जोड मिळतो, तो व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा, हवा भरायची आणि काढून खिशात टाकायचा.

'काढून' या शब्दावर मला थोडे थांबायचे आहे. पुष्कळ लोक तो जोड कायमचा ठेवून देतात. रोज कोण काढणार! ताशी साठ किलोमीटर वेगाला, व्हॉल्व्ह चाकात जिथे असतो तिथे, वस्तू आपल्या वजनाच्या साठपटीने बाहेर ओढली जाते. हे मी कागदावर मांडून पाहिले आहे, ज्याला हवे त्याने नंतर ताडून पाहावे. वीस ग्रॅमचा पितळी तुकडा सव्वा किलोचा होतो आणि एका बाजूला लोंबत व्हॉल्व्हच्या मुळाला पिळा देतो. म्हणजे पसरणी घाटात माझे जे झाले, त्याचीच दुसऱ्या रस्त्याने तयारी.

हेच बळ व्हॉल्व्हच्या पिनेलाही ओढत असते, आणि ते पिन उघडण्याच्याच दिशेने. स्प्रिंग तिला सहसा धरून ठेवते. पण कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली तर तिच्यामागे राखणीला फक्त टोपण उरते. पंक्चरवाल्याकडे टोपण हरवले तर आपण हसून सोडून देतो. आत रबर असलेले टोपण दहा-वीस रुपयांत मिळते. एक जास्तीचे घरात असू द्यावे.

दाबमापकाविषयी फक्त दोन शब्द. पेन्सिलीसारखा सरळ मापक अडचणीत शिरत नाही, वाकड्या मानेचा घ्यावा. माप सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी घ्यावे. हवा दहा अंश तापली की सुमारे दीड पौंड वाढते, आणि दुपारच्या डांबरी रस्त्यावर टायर दहा अंशांवर थोडाच थांबतो! किती भरायची, हा आकडा मित्राला विचारू नये. साखळीच्या झाकणावर किंवा मागच्या फोर्कवर पाटी असते. एकट्याचा आकडा वेगळा, मागे माणूस बसणार असेल तर वेगळा. माझ्या पाटीवर हे दोन आकडे २८ आणि ३६ आहेत. पाटी चिखलाने माखली होती. अपघातानंतर ती मी पहिल्यांदा पुसली.

आता हल्ली मी काय वापरतो ते सांगून आपली रजा घेतो. पाच फुटांची नळी, बुडाशी झडप असलेला उभा पंप, आट्यांचे आखूड तोंड, वाकड्या मानेचा मापक. सगळे मिळून एका चपलेच्या खोक्यात मावत नाही, कारण पंप उंच आहे. तो बोळाच्या तोंडाशी खुंटीला टांगलेला असतो. आता शेजारीही तो नेतात आणि जागेवर ठेवत नाहीत. रविवारी सकाळी मी पाचही गाड्यांची हवा पाहतो. गाडी उभी करताना व्हॉल्व्ह खाली, मोकळ्या बाजूला येईल अशी चाके थांबवायची सवय वाड्यातल्या मुलांनी आता लावून घेतली आहे. हत्यारांपेक्षा या सवयीनेच माझे काम जास्त हलके केले, हे कबूल केले पाहिजे.

प्रश्न विचारायला वेळ कमी आहे, म्हणून एक सुचवतो. खाली अंगणात आपल्या सर्वांच्या गाड्या उभ्या आहेत, बोळापेक्षाही दाटीने. मी काडेपेटी, मापक आणि तिन्ही जातींची तोंडे पिशवीत आणली आहेत. ज्यांना आपल्या गाडीचे माप पाहून घ्यायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे. रखवालदार नऊला फाटक लावतो, तेव्हा कडेच्या गाड्यांपासून सुरुवात करू.